जुन्या मॅसी १०३५ ला पॉवर स्टिअरिंग आणि ट्रॉलीसाठी हायड्रॉलिक्स: सुरुवात कुठून करावी?

काळी_माती (देपालपूर, जि. इंदूर)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नव्वदच्या दशकातला मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे. तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन, पुढे ६.००-१६, मागे १२.४-२८ टायर, साधं मेकॅनिकल स्टिअरिंग. इंजिन बांधून घेतलेलं आहे, गियर नीट पडतात, डिझेल बेताचंच खातो. कर्जाचा एक रुपया त्यावर नाही. म्हणून विकायचा विचार नाही.

अडचण स्टिअरिंगची आहे. बाबांचा उजवा खांदा दुखतो, पण पेरणीला ट्रॅक्टरवर तेच बसतात, दुसऱ्याच्या हातची ओळ त्यांना पटत नाही. सोयाबीनच्या पेरणीत सीड ड्रिल उचलून बांधाशी वळताना ते अक्षरशः स्टिअरिंगवर ओणवे होतात. मंडीत रांग लागली की आणखी हाल. लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत ट्रॉली घेऊन इंच-इंच पुढे सरकायचं आणि जागच्या जागी स्टिअरिंग फिरवायचं, हे आता त्यांच्या हातून होऊ नये असं मला वाटतं.

दुसरं काम ट्रॉलीचं. शेणखत आणि मुरूम उतरवायला माणसं मिळत नाहीत. ट्रॉलीला जॅक बसवून ती मागे उलटवता यावी, आणि पुढे कधी दुहेरी (दोन्ही दिशांना तेलाच्या जोरावर हलणाऱ्या) सिलिंडरचं एखादं अवजारही लावता यावं, इतकी सोय हवी.

तीन मिस्त्रींना विचारलं. एक म्हणतो तयार किट लाव. दुसरा म्हणतो भंगारातून मोटारीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग आण. तिसरा म्हणतो, कशाला खर्च, मागे अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या तेलाला टी मारून, म्हणजे फाटा काढून, त्यावरच स्टिअरिंग चालवू. कोणाचं ऐकू?

पाना_पेचकस (सांवेर रोड, इंदूर)

तिसऱ्याचं ऐकू नका. कारण खाली देतो, पण त्याआधी एक काम करा, बिनखर्चाचं आहे.

पुढच्या ॲक्सलखाली मधोमध जॅक लावा, दोन्ही चाकं जमिनीपासून उचला. आता स्टिअरिंगला हात न लावता उभ्या उभ्या चाक धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा. मग ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या रॉडचा, बॉल जॉइंट सोडा आणि चाक पुन्हा फिरवा. सोडल्यावरही जड लागत असेल तर दोष स्टिअरिंग बॉक्सचा नाही, किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिचा आहे. सोडल्यावर हलकं झालं तर बॉक्स उघडायचा.

माझ्याकडे 'पॉवर बसवा' म्हणून येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांत किंगपिनचं थ्रस्ट बेअरिंग कोरडं पडलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे. पुढचं सगळं वजन त्या एका बेअरिंगवर असतं. ग्रीस निपल चिखलाने बुजलं की वरून गन मारूनही आत काही जात नाही, बाजूने बाहेर येतं आणि मालकाला वाटतं ग्रीस दिलं.

हे नीट न करता वर पॉवर लावली तर काय होतं? माणसाचा हात थकतो, थांबतो. तेलाचा दाब थांबत नाही. ५० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) साधा सिलिंडर ८० बार दाबावर जवळपास १,६०० किलो ढकलतो. अडकलेलं बेअरिंग, झिजलेला बुश, तडा गेलेला आर्म यांवर इतका जोर आला की सगळ्यात कमजोर वस्तू तुटते, आणि ती नेमकी रस्त्यावर तुटते.

टायरची हवाही बघा. पुढे हवा कमी असली की चांगलं स्टिअरिंगसुद्धा जड होतं.

शिप्राकाठ (उज्जैन रोड)

पाना_पेचकस यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्याकडे नवे किंगपिन, बुश आणि बेअरिंग टाकल्यावर निम्मा जडपणा गेला होता. पॉवर नंतर बसवलीच, पण ती मजबूत ॲक्सलवर बसली.

काळी_माती

काल संध्याकाळी जॅक लावला. डावं चाक बोटांनी फिरतं. उजवं चाक ड्रॅग लिंक सोडल्यावरही दोन्ही हात लावल्याशिवाय हलेना. किंगपिन ठोकून काढली. थ्रस्ट बेअरिंगचे छर्रे एका बाजूला जमा होऊन चपटे झालेले, पिंजऱ्याचे तुकडे, आणि मध्ये ग्रीसच्या जागी वाळलेली काळी माती, नखाने खरवडली तर भुकटी होऊन पडत होती. बुशला एका बाजूने स्पष्ट पायरी पडली आहे. बाबा बघत उभे होते, म्हणाले, 'मग माझा खांदा काय करणार!'

दोन्ही बाजूंचे किंगपिन, बुश, बेअरिंग नवे टाकतो. ॲक्सल ज्यावर झुलतो त्या मधल्या पिनचा बुशही बदलायला काढला आहे. पण वय बघता पॉवर स्टिअरिंग हवंच आहे. पुढे सांगा.

वडोदऱ्याहून (मांजलपूर, वडोदरा)

मी इलेक्ट्रिकच्या बाजूने लिहितो. माझ्या काकांच्या ट्रॅक्टरला छोट्या मोटारीचा इलेक्ट्रिक कॉलम बसवला आहे. मोटर, टॉर्क सेन्सर आणि कंट्रोल युनिट असा पूर्ण संच मिळतो, तो स्टिअरिंगच्या दांड्यात मधोमध येतो. तेल नाही, पाइप नाही, पंप नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिघडलं तरी चाकापर्यंतचा लोखंडी जोड तसाच राहतो. जड होईल, पण वळेल.

दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे विजेचा भार. जागेवर वळवताना तो संच क्षणभर कित्येक अँपिअर ओढतो. जुना डायनॅमो असेल तर तो पुरा पडत नाही, चांगला अल्टरनेटर आणि सशक्त बॅटरी लागते, वायर जाड आणि फ्यूज बॅटरीजवळ. दुसरं म्हणजे कंट्रोल युनिटला गाडीच्या वेगाचा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा सिग्नल अपेक्षित असतो. ट्रॅक्टरवर तो नसतो. काही संच सिग्नल नसला तरी ठरावीक मदत देत राहतात, काही बंदच पडतात. विकत घेण्याआधी बॅटरीवर लावून दुकानातच फिरवून बघा.

पाना_पेचकस

वडोदऱ्याहून, मुद्दे बरोबर आहेत आणि लोखंडी जोड राहतो हा फायदा मोठाच आहे. माझी हरकत एवढीच की इलेक्ट्रिक कॉलमचा सगळा जोर स्टिअरिंग बॉक्समधून जातो. बॉक्स नव्यासारखा असेल तर चालेल. आमच्याकडच्या जुन्या मॅसीच्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा अर्धा वीत खेळ (ढिलेपणा) असतो. आणि धूळ, पाणी, हादरे यांच्यात मोटारीच्या केबिनमध्ये राहायला बनवलेला कॉलम उघड्यावर राहणार, त्याला झाकण करावं लागतं.

आता मॅसीची खरी गोम. किट घेताना हे कोणी सांगत नाही.

बहुतेक ट्रॅक्टरांना दोन्ही पुढची चाकं एका टाय रॉडने जोडलेली असतात. एका बाजूला सिलिंडरने ढकललं की दुसरं चाक टाय रॉडमुळे आपोआप वळतं. जुन्या १०३५ ला टाय रॉड नाही. त्याचा पुढचा ॲक्सल मागे कललेला, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म, म्हणजे खाली लोंबणारा लोखंडी हात. डाव्या आर्मपासून डाव्या चाकाला एक लांब रॉड, उजव्यापासून उजव्याला दुसरा. ते दोन आर्म बॉक्सच्या आत दात्यांनी एकमेकांत अडकलेले असतात.

म्हणजे एका बाजूला सिलिंडर लावला तर दुसऱ्या चाकाचा सगळा भार बॉक्सच्या दात्यांतून जाणार. तो बॉक्स माणसाच्या हाताच्या जोरासाठी आहे, सिलिंडरच्या नव्हे. आणि बॉक्स काढून टाकला तर दोन चाकांना जोडणारं काहीच उरत नाही.

म्हणून मॅसीला हायड्रोस्टॅटिक करायचं असेल तर दोन चाकांच्या आर्मना जोडणारा टाय रॉड असलेलाच पुढचा संच घ्या. कंपनीने नंतर पॉवर स्टिअरिंगसह दिलेल्या मॉडेलचा पूर्ण पुढचा ॲक्सल मिळाला तर सगळ्यात उत्तम, कारण आर्मचे कोन त्यात बरोबर असतात. वेल्डिंग करून घरगुती आर्म बनवू नका. मी तर ॲक्सल आणि स्टिअरिंगच्या आर्मवर वेल्डिंगचं काम घेतच नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो.

बखरवाला (सांवेर)

हायड्रोस्टॅटिक म्हणजे नेमकं काय, जरा सोप्या शब्दांत सांगाल का काका? स्टिअरिंग आणि चाकात काहीच लोखंड नसतं म्हणतात, ऐकूनच भीती वाटते.

पाना_पेचकस

स्टिअरिंगच्या दांड्याच्या खाली एक युनिट बसतं, बाजारात त्याला ऑर्बिट्रोल म्हणतात. पंपाकडून आलेलं तेल ते मोजून सिलिंडरला देतं. ज्या बाजूला आणि जितकं स्टिअरिंग फिरवाल तितकंच तेल. फिरवायचं थांबलात की तेलही थांबतं. १०० सीसीचं युनिट म्हणजे एका फेऱ्याला १०० सीसी तेल.

इथे हिशेब करायला शिका, कारण किटवाले डोळे झाकून देतात. ५० मिलिमीटर बोअर, २५ मिलिमीटरचा दांडा, २०० मिलिमीटर स्ट्रोक (दांड्याची चाल) असा एका बाजूने दांडा निघणारा सिलिंडर धरा. दांडा बाहेर ढकलायला सुमारे ३९३ सीसी तेल लागतं, आत ओढायला सुमारे २९५, कारण आतल्या बाजूची जागा दांडा खातो. मग १०० सीसीच्या युनिटवर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एका दिशेने जवळपास ४ फेरे आणि दुसऱ्या दिशेने जेमतेम ३ फेरे. जोरही दोन्हीकडे सारखा नाही. दोन्ही बाजूंनी दांडा असलेला सिलिंडर घेतला तर दोन्हीकडे सारखं. बाबांसाठी करताय, म्हणून दोन्ही बाजूंचाच घ्या, हात एकदा बसला की बसला.

पंप ८ सीसीचा, इंजिनाच्याच वेगाने फिरणारा. आयडलला ७०० फेऱ्यांवर मिनिटाला ५.६ लिटर देतो. १०० सीसीच्या युनिटला हे मिनिटाला ५६ फेऱ्यांना पुरतं, म्हणजे मंडीच्या रांगेत रेस न वाढवता सेकंदाला जवळपास एक फेरा. २,००० फेऱ्यांवर तोच पंप १६ लिटर देतो. याहून मोठा पंप लावला तर फायदा काही नाही, तेल नुसतं फिरून तापतं.

भीतीबद्दल. इंजिन बंद पडलं तर तेच युनिट हातपंपासारखं चालतं. खूप जड लागतं, पण ट्रॅक्टर बाजूला घेता येतो. होज, म्हणजे दाबाचा रबरी पाइप, फुटला तर मात्र तेही नाही. त्यामुळे होजवर पैसे वाचवायचे नाहीत. दोन जाळीच्या तारेचा होज, मशीनवर दाबून बसवलेली टोकं. क्लॅम्प आवळून बसवलेला पाइप दाबाच्या बाजूला चालणार नाही. होज कुठे घासतोय ते चाक दोन्ही टोकांना नेऊन, आणि ॲक्सल मधल्या पिनवर वर-खाली झुलवून बघायचं. सपाट फरशीवर उभ्या ट्रॅक्टरला मापलेला होज शेतातल्या नालीत आखूड पडतो.

बखरवाला

आता समजलं. आभार.

निवृत्त_फोरमन (सुदामानगर, इंदूर)

लिफ्टच्या तेलाला टी मारण्याचा विषय अर्धवट राहिला आहे, तो पूर्ण करतो. मॅसीची लिफ्ट समजली की पुढचे सगळे प्रश्न सुटतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

या लिफ्टचा बाप हॅरी फर्ग्युसन, आयर्लंडचा. त्याने अवजार ट्रॅक्टरला नुसतं दोरखंडासारखं ओढायला न लावता तीन बिंदूंवर जोडलं, आणि नांगराच्या ओढीचा दाब टॉप लिंकमधून (वरच्या जोडदांड्यातून) लिफ्टच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचवला. जमीन कडक लागली, ओढ वाढली, की नांगर आपोआप थोडा उचलला जातो. १९३८ मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये त्यातून फोर्ड-फर्ग्युसन ९ एन ट्रॅक्टर आला. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली. आज कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर बघा, मागे तेच तीन बिंदू आहेत. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळी नांगरणी करणाऱ्याला त्या माणसाने किती मोठी गोष्ट दिली हे रोज कळतं.

आता कामाची बाब. फर्ग्युसन पद्धतीत पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजारांना फिरती ताकद देणाऱ्या शाफ्टवर फिरतो. त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह तेल आत घेण्याच्या बाजूला आहे. लिफ्ट वर करायची असेल तरच व्हॉल्व्ह तेल आत येऊ देतो. लिफ्ट जागेवर थांबली की आत येणारं तेलच बंद होतं, पंप नुसता फिरतो. म्हणजे इतर ट्रॅक्टरांसारखं तेल सतत वाहत नाही.

हायड्रोस्टॅटिक स्टिअरिंगला नेमकं सतत वाहणारं तेल लागतं. लिफ्ट स्थिर असताना मॅसीच्या पंपातून काहीच येणार नाही. वर आणखी एक गोष्ट: क्लच दाबला की पंप थांबतो. सिंगल क्लच असेल तर लगेच, ड्युअल क्लच असेल तर पूर्ण दाबल्यावर. वळणावर क्लच दाबला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग गेलं, याची कल्पना करा. म्हणून स्टिअरिंगचा पंप इंजिनवरच हवा, टायमिंग गियरवर किंवा पट्ट्यावर, आणि त्याचं तेल, टाकी, फिल्टर सगळं वेगळं.

ट्रॉलीसाठी मात्र मॅसीच्या लिफ्टमधून बाहेर तेल घेता येतं. लिफ्टच्या वरच्या झाकणावर, सीटच्या पुढे त्याची जागा आहे, तिथे व्हॉल्व्हचा ब्लॉक बसतो. लिफ्टचे हात वर बांधून ठेवायचे, तेल ट्रॉलीच्या जॅकला पाठवायचं. एकेरी जॅकला हे पुरेसं आहे, ट्रॉली खाली येताना आपल्या वजनाने तेल परत ढकलते.

पण दोन इशारे. मॅसीत गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि लिफ्ट यांचं तेल एकच आहे. ट्रॉलीचा जॅक १०० मिलिमीटर बोअर आणि १ मीटर स्ट्रोकचा असेल तर तो पूर्ण उघडताना जवळपास ८ लिटर तेल बाहेर घेतो. पातळी तितकी खाली जाते, चढावर उभं असताना पंप हवा ओढतो. आणि त्याच ट्रॉलीला काल शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लागला असेल तर त्याच्या तेलातलं पाणी आणि माती आज तुमच्या गियरमध्ये येते. मागून निघालेलं तेल दुधाळ दिसलं की समजा पाणी गेलं.

काळी_माती

फोरमन काका, हे कोणीच असं सांगितलं नव्हतं. मग ट्रॉलीसाठीही वेगळी टाकी आणि वेगळा पंप घेतला तर? दुहेरी सिलिंडरचंही भागेल.

निवृत्त_फोरमन

खर्च वाढेल, पण तुमची ट्रॉली गावात फिरणारी असेल तर तेच करा. इंजिनवरच्या पंपाचं तेल आधी प्रायॉरिटी व्हॉल्व्हमध्ये न्यायचं. तो स्टिअरिंगला लागणारा वाटा आधी काढून देतो, उरलेलं स्पूल व्हॉल्व्हला (लिव्हरने तेल वळवणाऱ्या व्हॉल्व्हला), तिथून ट्रॉली. ट्रॉली उलटवताना स्टिअरिंग उपाशी राहत नाही. मात्र मग ८ सीसीचा पंप अपुरा, मोठा घ्यावा लागतो आणि टाकीही तशी, कारण ते ८ लिटर बाहेर गेल्यावरही टाकीत पंपाच्या तोंडावर तेल राहिलं पाहिजे.

दाब दोन्हीकडे वेगळे ठेवा. स्टिअरिंगला ८० ते १०० बार पुष्कळ. १०० मिलिमीटरचा जॅक १५० बारवर ११ टनांच्या वर ढकलतो, ट्रॉलीचं लोखंड आणि चेसिस त्याआधी वाकेल. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की तेल सोडून देणारा, गेज लावूनच सेट करायचा. 'आवाज बदलला की बस' म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नका.

परतीचा पाइप टाकीत तेलाच्या पातळीखाली सोडा, वरून पडला तर फेस होतो. शोषणाचा, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल नेणारा पाइप जाड आणि आखूड.

नवलखा_ट्रॅक्टर (इंदूर)

माझं मत वेगळं आहे. एवढी खटपट करण्यापेक्षा हा विका आणि कंपनीचं पॉवर स्टिअरिंग असलेला, कमी चाललेला ट्रॅक्टर घ्या. किट, पंप, टाकी, ॲक्सल, मजुरी सगळं जोडलं तर जुन्या १०३५ च्या किमतीच्या मानाने मोठी रक्कम होते आणि विकताना त्यातलं फारसं परत मिळत नाही. मी जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो, मनापासून सांगतोय.

शिप्राकाठ

नवलखा दादा, विकायचाच असेल त्याला तुमचं म्हणणं लागू आहे. वापरायचा असेल तर हिशेब वेगळा. माहीत असलेलं, बांधून घेतलेलं इंजिन घरात आहे. जुना म्हणून घेतलेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरच्या आत काय निघेल हे पहिली पेरणी झाल्याशिवाय कळत नाही. आणि हप्ता नसलेल्या ट्रॅक्टरवर एक पावसाळा वाईट गेला तरी रात्री झोप लागते.

मी स्वतः ट्रॅक्टर चालवते, म्हणून दोन गोष्टी सुरक्षेच्या, कृपया कोणी वगळू नका.

दाबाखालचा होज गळत असेल तर हाताने चाचपायचं नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारं तेल कातडीत शिरतं. सुरुवातीला मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, काही तासांत बोट काळं पडू शकतं. ही ऑपरेशनची वेळ असते, हळद लावून घरी बसायची नव्हे. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवायचा, आणि दुरुस्तीआधी इंजिन बंद करून दाब सोडायचा.

दुसरी, उचललेल्या ट्रॉलीखाली जायचं असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय नाही. तेलाच्या भरवशावर ट्रॉलीखाली डोकं घालणारा माणूस मी पाहिला आहे, त्याच्या अंगावर ओरडले तेव्हा तो बाहेर आला. टेकू ट्रॉलीलाच बिजागरीने जोडलेला करून घ्या, म्हणजे घरी विसरत नाही. आणि ट्रॉली उलटवताना जमीन सपाट हवी, वर विजेच्या तारा नकोत.

राऊकर (राऊ)

कागदपत्रांचा एक मुद्दा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण, आणि तेव्हा ट्रॅक्टर तपासणीला दाखवावा लागतो. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून ठेवा. अपघात झाल्यावर विचारण्यापेक्षा बरं.

निवृत्त_फोरमन

राऊकरांचं बरोबर. आणि कंपनीनेच त्या मॉडेलला दिलेला पॉवर स्टिअरिंगचा ॲक्सल आणि पंप वापरला तर समजावून सांगणं सोपं जातं, बिलं जपून ठेवा. नर्मदाकाठी बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर परीक्षण संस्था आहे, तिच्या परीक्षण अहवालांत त्या त्या मॉडेलच्या पंपाचा प्रवाह, दाब, लिफ्टची ताकद मोजलेली असते. आपल्या मॉडेलचा अहवाल मिळवला तर किटवाल्याच्या तोंडी आकड्यांवर राहावं लागत नाही. तिथे शेतकऱ्यांना प्रशिक्षणही देतात. घरातल्या तरुण मुलांना पाठवा.

काळी_माती

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो. धाग्यावर आलेल्या प्रत्येकाचा त्यात हात आहे.

कंपनीच्या पॉवर स्टिअरिंगच्या मॉडेलचा पुढचा ॲक्सल टाय रॉड आणि दोन्ही बाजूंनी दांडा असलेल्या सिलिंडरसह मिळाला, वापरलेला होता पण सरळ. किंगपिनची छिद्रं मापून घेतली, बुश नवे बसवले. जुना स्टिअरिंग बॉक्स काढला, त्या जागी १०० सीसीचं युनिट. पंप टायमिंग गियरवर. ट्रॉलीसाठी प्रायॉरिटी व्हॉल्व्ह आणि दोन लिव्हरचा स्पूल व्हॉल्व्ह घेतला, टाकी वेगळी. मागच्या लिफ्टला हातही लावलेला नाही, ती पूर्वी होती तशीच चालते. होज सांवेर रोडला मशीनवर दाबून घेतले आणि ॲक्सल झुलवून लांबी ठरवली. खरोखरच फरशीवर मापलेला होज आखूड पडत होता!

हवा काढताना पुढची चाकं उचलून ठेवली, इंजिन आयडलला, आणि स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुरुवातीला चाक मध्येच झटके देत होतं आणि टाकीत साबणाच्या पाण्यासारखा फेस. इंजिन बंद करून तो बसू दिला, तेल भरलं, पुन्हा फिरवलं. मग झटके गेले.

बाबांनी पहिल्यांदा चालवलं तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात आली: वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. पूर्वी हात सैल सोडला की चाक परत यायचं. आता परत फिरवावं लागतं. रिकाम्या शेतात त्यांनी बराच वेळ सवय केली, मगच रस्त्यावर नेला. हे सगळ्यांनीच करावं. आता बांधाशी ते एका हाताने वळतात, दुसरा हात लिफ्टच्या लिव्हरवर. ओळ पूर्वीपेक्षा सरळ येते असं त्यांचं म्हणणं आहे, आणि शेजारच्या शेतातले काका बघून गेले.

दोन प्रश्न उरलेत. चाक पूर्ण टोकाला नेलं की पंप किंचाळतो, ते बरोबर आहे का? आणि ट्रॉलीच्या होजचं कपलिंग कोणतं ठेवावं?

पाना_पेचकस

अभिनंदन, आणि लिफ्टला हात न लावल्याबद्दल विशेष.

टोकाला आवाज येतो तो रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याचा. येऊ द्या, पण चाक तिथे दाबून धरायचं नाही, तेल तापतं. टोकाला पोचलं की किंचित सोडायचं. ॲक्सलचे स्टॉप बोल्ट असे लावा की सिलिंडरचा दांडा आत आपटण्याआधी ते टेकतील. सरळ चालताना किंवा मधेच किंचाळत असेल तर मात्र शोषणाच्या बाजूने हवा येते आहे, तो जोड बघा.

कपलिंग झटकन लागणारंच घ्या आणि ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हीकडच्या टोकांना रबरी टोपी हवीच. जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ कापडाने पुसा. ट्रॉली दुसऱ्याला दिली असेल तर परत आल्यावर जॅक पूर्ण खाली आहे ना ते बघून, आतलं तेल बाहेर काढून आपलं भरा.

पहिल्या ५० तासांनंतर तेलाचा फिल्टर बदला, नव्या कामातला लोखंडाचा चुरा त्यात येतो. त्याच वेळी ॲक्सलचे, सिलिंडरच्या पायाचे आणि पंपाचे बोल्ट पुन्हा आवळा. किंगपिनला ग्रीस आठवड्याला, पेरणीत रोज, आणि वरून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

काळी_माती

टोप्या आजच घेतो. स्टॉप बोल्ट उद्या सकाळी बघून इथेच लिहितो.